विश्लेषण : स्पर्धक कंपन्या गुपित न फोडता एकत्र संशोधन कसे करतात? एआय काय मदत करते?

औषध कंपन्या आपले संशोधन जिवापाड जपतात. तरीही २०१९ ते २०२२ या काळात बायर, नोव्हार्टिस, अॅस्ट्राझेनेका, जीएसके यांच्यासह दहा कंपन्या युरोपातील ‘मेलडी’ प्रकल्पात एकत्र आल्या. हे शक्य झाले एआयच्या एका तंत्रामुळे.

खुला नवोन्मेष म्हणजे काय?

नवी कल्पना कंपनीच्या चार भिंतींतच जन्मते, असे नाही. विद्यापीठे, स्टार्टअप, ग्राहक आणि स्पर्धक यांच्याकडील ज्ञान आत घ्यायचे आणि आपल्याकडे पडून असलेले बाहेर वापरू द्यायचे, याला ‘ओपन इनोव्हेशन’ अर्थात खुला नवोन्मेष म्हणतात. अमेरिकी अभ्यासक हेन्री चेसब्रो यांनी २००३ मधील पुस्तकातून ही संकल्पना रुजवली. अडचण एकच : काय सांगायचे आणि काय झाकायचे?

‘मेलडी’मध्ये नेमके काय केले?

एखादा रेणू प्रयोगात फसला, की ती नोंद बहुतेकदा कंपनीच्या कपाटातच राहते. मग दुसरी कंपनी त्याच वाटेने जाऊन पुन्हा पैसा आणि वेळ घालवते. या सगळ्या नोंदी एआयला शिकवता आल्या, तर कोणता रेणू उपयोगी किंवा घातक ठरेल, याचा अंदाज आधीच बांधता येतो.

पण नोंदी एकमेकांना द्यायच्या कशा? उत्तर होते ‘फेडरेटेड लर्निंग’. यात डेटा एका जागी गोळा होत नाही, उलट मॉडेलच प्रत्येक कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन शिकते. तिथून बाहेर पडतात ते फक्त मॉडेलमधील आकड्यांचे बदल. तेही सर्वांचे एकत्र मिसळून, म्हणजे कोणाचे काय, हे कळत नाही. मॉडेलचा एक भाग सामाईक असतो, तर अंतिम अंदाज देणारा भाग ज्याचा त्याच्याकडे राहतो.

सुमारे १.८४ कोटी युरोंच्या या प्रकल्पात कंपन्यांच्या मॉडेलचे अंदाज सुधारले. सुधारणा थक्क करणारी नव्हती. पण स्पर्धकांनाही विश्वासाने एकत्र काम करता येते, हे त्यातून दिसले.

मग धोका कुठे आहे?

डेटा उघड करण्याची किंमत नेटफ्लिक्सला कळली. २००६ मध्ये कंपनीने १० लाख डॉलरची स्पर्धा जाहीर केली. प्रेक्षकाला चित्रपट सुचवणारी पद्धत १० टक्क्यांनी अचूक करा, असे आव्हान होते. त्यासाठी नावे काढून टाकलेली १० कोटींहून अधिक रेटिंग खुली केली गेली. २००९ मध्ये विजेता मिळाला. दरम्यान, टेक्सास विद्यापीठातील दोन संशोधकांनी दुसऱ्या संकेतस्थळावरील अभिप्रायांशी ताडून काही प्रेक्षकांची ओळख पटवता येते, हे दाखवून दिले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये दुसरी स्पर्धा रद्द झाली.

फेडरेटेड लर्निंगही अभेद्य नाही. आकड्यांच्या बदलांवरून मूळ डेटाचा माग काढण्याचे प्रयत्न होऊ शकतात.

यातून धडा काय?

एआय भिंतीला खिडकी पाडून देते. ती किती उघडायची आणि मिळालेल्या शोधावर हक्क कोणाचा, हे मात्र माणसांनाच आधी करारात लिहून ठरवावे लागते.