दिल्लीचे मतदान आणि चिखलीचा मतदार : १९४० च्या युद्धकराचा प्रश्न

ता. १९ नोव्हेंबर १९४० रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात सर जेरेमी रेझमन ह्यांचे पुरवणी अर्थविधेयक ५५ विरुद्ध ५३ मतांनी फेटाळले गेले. विधेयकातील मागणी थोडक्यात सांगता येण्यासारखी होती : प्राप्तीवरील करांवर शेकडा २५ अधिभार, आणि देशांतर्गत पत्राच्या हशिलात एक आण्यावरून सव्वा आण्यापर्यंत वाढ. दोन्हींचे उत्पन्न युद्धामुळे वाढलेल्या खर्चाकडे जावयाचे होते. ऑगस्ट १९३९ मध्ये हिंदी फौजा विधिमंडळाला न विचारता देशाबाहेर पाठविल्या गेल्या, तेव्हा वर्ध्याच्या बैठकीत काँग्रेस कार्यकारिणीने आपल्या सभासदांना पुढील अधिवेशनापासून दूर राहण्यास सांगितले होते. ते सभासद ह्या मतदानासाठी सभागृहात परतले. मुस्लिम लीग तटस्थ राहिली आणि भुलाभाई देसाई ह्यांच्या नेतृत्वाखालील विरोधी बाजूस दोन मतांचे आधिक्य मिळाले. विधेयक मात्र मेले नाही. व्हाइसरॉयांनी विशेषाधिकाराने ते प्रमाणित केले, व कर वसूल झाला.

ह्यावरून हे मतदान निष्फळ होते असा निष्कर्ष सहज काढला जातो. त्यापूर्वी सभासदांच्या हाती काय होते हे पाहिले पाहिजे. १९३५ च्या कायद्याचा संघराज्यविषयक भाग अंमलात आलाच नव्हता. मध्यवर्ती कारभार १९१९ च्या व्यवस्थेनुसार चालत होता, आणि त्या व्यवस्थेत लष्करी खर्च मतास टाकला जात नसे. तो खर्च भागविण्यासाठी बसवावयाच्या करावर तेवढे मत देता येई. म्हणजे युद्धास नकार देण्याचा मार्ग पत्राच्या हशिलावरून जात होता! पहिल्या महायुद्धात तोही मार्ग नव्हता. १९१७ मध्ये हिंदुस्थानच्या नावाने दहा कोटी पौंड ब्रिटनला देण्यात आले. आणि एप्रिल १९१८ च्या दिल्ली युद्धपरिषदेत अमरावतीचे दादासाहेब खापर्डे ह्यांनी जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणारा ठराव आणू पाहिला, तेव्हा तो नियमबाह्य ठरविण्यात आला.

चिखली तालुक्यातून पाहिले असता हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा दिसतो. जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणा हेही त्या काळी ह्याच तालुक्यात मोडत असे. वऱ्हाड हा कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हताच. निजामाचे सार्वभौमत्व मान्य करून १९०२ च्या कराराने तो वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतलेला होता. त्यामुळे वऱ्हाडचा प्रतिनिधी मतदारांनी निवडून दिला तरी मध्यवर्ती विधिमंडळात तो तांत्रिकदृष्ट्या सरकारनियुक्त सभासद म्हणून बसे. त्याला निवडणारेही थोडे होते. १९३४ च्या निवडणुकीत साऱ्या देशात मतदार सुमारे १४ लाख होते, आणि त्या निवडणुकीतून आलेल्या सभागृहाची मुदत पुनःपुन्हा वाढविली जात होती. चिखलीचा बहुसंख्य शेतकरी ह्या मतदारयादीबाहेर होता. शेतीच्या उत्पन्नावर मध्यवर्ती प्राप्तिकर नसल्याने अधिभाराचा भार त्याच्यावर थेट पडत नव्हता. तो खामगावसारख्या बाजारपेठांतील कापसाचे व्यापारी, जिनिंग-प्रेसिंगचे मालक आणि वकील ह्यांच्यावर पडे. शेतकऱ्याच्या वाट्यास आला तो पत्रामागे एक जादा पैसा. हा समाज राजकीय विचारापासून अलिप्त होता असे मात्र समजू नये. महात्मा जोतीराव फुले ह्यांचे चरित्र १९२७ मध्ये लिहिणारे पंढरीनाथ पाटील हे चिखलीचेच होत.

ज्यास मतच नाही त्यास मतदानाचे कारण कोणी आणि का सांगावे? ह्याचे उत्तर विधिमंडळाबाहेर घडत होते. ता. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे ह्यांनी पवनार येथे वैयक्तिक सत्याग्रहास प्रारंभ केला. ब्रिटिशांच्या युद्धास माणसांची अथवा पैशाची मदत करणे अयोग्य आहे, एवढेच सत्याग्रह्याने लोकांना सांगावयाचे होते. नोव्हेंबरपासूनच्या दुसऱ्या टप्प्यात गांधीजींनी काँग्रेसच्या समित्यांचे सभासद आणि मध्यवर्ती व प्रांतिक विधिमंडळांतील प्रतिनिधी ह्यांना पुढे केले. ही निवड विचारपूर्वक होती. जिल्हाधिकाऱ्यास स्थळवेळेची आगाऊ सूचना द्यावयाची, ठरल्या ठिकाणी उभे राहून ते वाक्य उच्चारावयाचे आणि पकडले जावयाचे, असा हा क्रम होता. सभागृहात जे बोलण्यास संरक्षण होते तेच गावात बोलल्यास शिक्षा होती. दिल्लीच्या मताला निर्णायक सामर्थ्य नव्हते, परंतु त्याच्या स्पष्टीकरणाची किंमत मात्र प्रतिनिधीस स्वतः मोजावी लागली. भुलाभाई स्वतः डिसेंबरमध्ये पकडले जाऊन येरवड्यास गेले. मुदतवाढीमुळे ह्या सभासदांपुढे निवडणूक नव्हती; मते मिळविण्यासाठी ते हे सांगत होते असे म्हणता येणार नाही.

तथापि वऱ्हाडाने एकच उत्तर ऐकले असे नाही. मध्यवर्ती विधिमंडळातील वऱ्हाडचे प्रतिनिधी यवतमाळचे माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे हे होते. मीठसत्याग्रहाच्या वर्षी ह्यांनीच जंगलसत्याग्रह केला होता. पुढे जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मालवीयांसह त्यांनी १९३४ मध्ये काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार जाहीर झाला, तेव्हा त्यात अणे ह्यांचे नाव होते. ज्या सरकारास पैसा देऊ नये असे सांगितल्याबद्दल विधिमंडळाचे अनेक सभासद तुरुंगात होते, त्याच सरकारात वऱ्हाडचा प्रतिनिधी मंत्रिपदासारख्या अधिकारावर बसला. ह्यास केवळ पदलोभ म्हणणे उथळपणाचे होईल. मिळेल तो अधिकार घेऊन आतून काम करावे, ही प्रतियोगी सहकारितेची धारणा वऱ्हाडात जुनी होती. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या एकवीस दिवसांच्या उपोषणप्रसंगी अणे ह्यांनी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार ह्यांच्यासह राजीनामा दिला. मध्यवर्ती विधिमंडळाची पुढील निवडणूक १९४५ च्या अखेरीस झाली. तोपर्यंत युद्ध संपलेले होते.