बेन्यामिन सुएब : आपल्याच शहरात परकी झालेली बोली

वाचकहो, उंबऱ्याच्या आत एक भाषा आणि बाहेर दुसरी, हे आपल्या घरांना नवे नाही. म्हणूनच जकार्ताच्या एका गायक-विनोदवीराची हकिगत आपल्यापुढे ठेवतो.

बेन्यामिन सुएब यांचा जन्म ५ मार्च १९३९ रोजी जकार्तातील केमायोरान भागात, बेतावी कुटुंबात झाला. डचांच्या बटाव्हियात बाली, मकासर, चीन, अरबस्तान येथून आलेल्या लोकांच्या मिसळणीतून हा समाज घडला. त्याचे नावही बटाव्हियावरूनच पडले. स्वातंत्र्यानंतर देशभरातून माणसे राजधानीत आली आणि बेतावी आपल्याच शहरात अल्पसंख्य झाले. त्यांची बोली गावंढळ ठरू लागली.

बेन्यामिन यांचे वडील लवकर वारले. लहानपणी गाणी म्हणून त्यांनी पैसे मिळवले, पुढे बसवर कंडक्टरकी केली. आरंभी ते पाश्चात्त्य गाणी गात. १९५९ च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी अशा संगीतावर टीकेची झोड उठवली, तेव्हा ते घरच्या ‘गंबांग क्रोमोंग’कडे वळले. लाकडी पट्ट्यांचे वाद्य, छोट्या घंटांचा संच आणि चिनी वळणाची तंतुवाद्ये असा हा मेळ. त्यात त्यांनी गिटार मिसळली. इदा रोयानी यांच्यासोबतची त्यांची नोकझोकीची द्वंद्वगीते सत्तरच्या दशकात घरोघरी पोहोचली.

आपण विचाराल, लोक बोलीला हसत होते की बोलीतून हसत होते? उत्तर त्यांच्या कामात आहे. पन्नासहून अधिक चित्रपट त्यांनी केले आणि १९७३ व १९७७ साली सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा ‘चित्रा’ पुरस्कार मिळवला. ज्याला नुसते हसायचे असते, त्याला राष्ट्र दोनदा असा मान देत नाही.

१९७३ च्या ‘सि दुल आनाक बेतावी’ चित्रपटात रानो कार्नो हा मुलगा दुल झाला, बेन्यामिन त्याचे वडील. १९९४ मध्ये तोच रानो दूरचित्रवाणी मालिकेत शिकलेला, नोकरी शोधणारा दुल झाला. वडील पुन्हा बेन्यामिनच. दुलची मूळ कादंबरी १९३२ ची, आणि तिचे लेखक आमान दातुक माजोइंदो हे सुमात्राकडचे मिनांगकाबाऊ. बाहेरच्याने लिहिलेल्या बापाला घरच्या माणसाने आवाज दिला.

१९९० मध्ये त्यांनी बेतावी बोलणारे रेडिओ केंद्रही काढले. ५ सप्टेंबर १९९५ रोजी ते गेले. केमायोरानमधील एका मोठ्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

बेन्यामिन यांनी बोली जपून ठेवली नाही, वापरली : भांडायला, हसायला, पोट भरायला. आपल्या नातवंडांशी आपण मराठीत शेवटचे कधी भांडलो, वाचकहो?