पाचशे पौंड गवत

१९४५ च्या ऑक्टोबरात तलासरी, डहाणू, उंबरगाव भागातल्या वारल्यांनी गवतकापणी बंद केली, तेव्हा किसान सभेची मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. त्या लढ्याबद्दल बोलताना अडीच रुपयांचा उल्लेख हमखास होतो, पौंडांकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. वास्तविक विचित्र आहे ते हेच. ज्या जमीनदाराच्या शेतावर हा वारली राबायचा, त्याला भाताचा खंड मणांत द्यायचा. डोक्यावरून गवत न्यायचं ते भाऱ्याने. मग मजुरी तेवढी पौंडांत कशी आली? माझ्या मते पौंडांतली ही मोजणी रानातली नव्हे. ती बंदराची आहे, आणि दाबून बांधलेल्या गवताच्या गाठीबरोबर ती इकडे चढली.

गाठ जन्माला आली ती भाड्याच्या हिशेबातून. लोकर, कापूस, गवत हे सगळे फुगीर आणि हलके जिन्नस. जहाजवाला अशा मालाचं भाडं वजनावर लावत नाही, तो जागा मोजतो. चाळीस घनफूट म्हणजे एक टन, हा त्यांचा सर्वसाधारण हिशेब. म्हणून सिडनीला लोकर दाबली जायची, तसा मुंबईत कुलाब्याला कापूस. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरची भिस्त मुंबईच्या कापसावर आली आणि या दाबयंत्रांना उसंत राहिली नाही. मुंबईची कापसाची गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे ७८४ पौंडांच्या खंडीची बरोबर निम्मी. देशी खंडी पौंडांत बसवण्याचं काम बंदराने असं आधीच उरकलेलं होतं. त्याच धामधुमीत, १८६४ मध्ये, बी. बी. अँड सी. आय. रेल्वे सुरतेकडून ग्रँट रोडपर्यंत पोचली आणि डहाणू-संजाणची रानं मुंबईच्या तबेल्यांना जोडली गेली. पुढे १८७४ मध्ये घोड्यांच्या ट्रामी सुरू झाल्या. म्हशी होत्याच. एवढ्या तोंडांना मुंबई बेटावरचं गवत कुठून पुरणार? मोकळ्या गवताने वाघीण भरली तर भाडं वाऱ्याचंच भरायचं. तेव्हा लाकडी पेटीत गवत टाकायचं, पायांनी तुडवायचं, वरून दाब द्यायचा, बांधायचं आणि तोलून पाठवायचं.

यावर कोणी म्हणेल, डहाणूच्या खाडीतून गलबतं मुंबईला जातच होती, रेल्वेचं एवढं काय कौतुक? गलबतांतून थोडं गवत गेलंही असेल. पण साग आणि जळण वजनदार, त्यांना गलबत परवडतं. मोकळं गवत जागाच अडवतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इंग्रजी अमलात कागदोपत्री पौंड सगळीकडेच होता, त्यात बंदराचा संबंध काय? संबंध असा, की तो सरसकट रानात उतरलाच नाही. भातावर त्याच जमीनदाराने मण चालू ठेवला. जो माल थेट मुंबईच्या भावाला बांधलेला होता, त्यालाच पौंड लागला. भाऱ्याची मोजणी कापणाऱ्याच्या डोळ्यांसमोर व्हायची. काट्यावरची मोजणी काटेवाल्याच्या हातात गेली.

हा संप नेमका गवतावर का धारदार झाला, तेही यातून कळतं. गवताला पावसाळ्यानंतरचे थोडेच आठवडे मिळतात. उशीर झाला की ते राठ होतं, बी गळतं आणि तबेलेवाला भाव पाडतो. भाताचं नुकसान कुळाचंही, वाळलेल्या गवताचं बव्हंशी मालकाचंच. त्याच वर्षी मे महिन्यात किसान सभेच्या झरीच्या परिषदेने वेठबिगारीविरुद्ध कंबर कसली होतीच. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. तरी कापणारे मागणीवरून हटले नाहीत.

१९६० मध्ये उंबरगाव तालुका गुजरातेत गेला, तलासरीची गावं इकडे राहिली. वेवजीच्या शिवेपलीकडचं सोलसुंबा आता परराज्यात आहे. ट्रामीचे घोडे त्याच्या कितीतरी आधी, १९०५ मध्येच गेले होते. तेव्हाच गाठीचं प्रयोजन संपायला हवं होतं, पण म्हशी राहिल्या. त्यांना आधी आरेला आणि पुढे दापचरीला हलवायचं सरकारने ठरवलं. दापचरीच्या प्रकल्पात गवत मुंबईला नेण्याऐवजी तबेलेच गवताकडे आणायचे होते. सगळे तबेले काही आले नाहीत. त्यामुळे या पट्ट्यात गवत-पावलीच्या वखारी टिकल्या. फरक इतकाच, की आता वजन किलोत होतं.