काळ्या-पिवळीचं कूळ

दादर स्टेशनबाहेरच्या काळ्या-पिवळ्या फियाटकडे स्पोर्ट्स कार म्हणून कुणी पाहिलं नसेल. मागच्या सीटची स्प्रिंग टोचायची आणि डिकीत न मावलेलं सामान टपावरच्या कॅरिअरवर चढायचं. पण कूळ काढायला गेलं, तर ते निघतं इटलीतल्या शर्यतींत.

तिचं १०८९ सीसीचं इंजिन मूळचं १९३७ सालच्या फियाट ५०८ सी या गाडीचं. याच ५०८ सीच्या चासीवर एन्झो फेरारी यांनी १९४० मध्ये आपली पहिली गाडी उभी केली. इंजिनातले बरेच भागही तिचेच. अल्फा रोमिओशी झालेल्या करारामुळे गाडीला स्वतःचं नाव देता येईना, म्हणून ती नुसतीच ‘८१५’: आठ सिलिंडर, दीड लिटर. ब्रेशियाच्या शर्यतीत अशा दोन गाड्या उतरल्या आणि दोन्ही अर्ध्यावर बंद पडल्या. (गिरगावच्या टॅक्सीवाल्याला यात नवल वाटलं नसतं.) युद्धानंतर चिसितालिया कंपनीने फियाट ११०० चंच इंजिन घेऊन ‘२०२’ काढली. ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात पोचली.

इकडे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनवायला घेतली. १९६४ ला डिलाइट आली, १९७४ ला पद्मिनी. नाव चितोडच्या राणीचं, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत फियाटच.

आपल्या रस्त्यांवरची दुसरी ओळखीची गाडी म्हणजे जीप. तिचं कूळ मात्र लष्करी. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी मागितली आणि त्यातून विलिज जीप घडली. महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी १९४५ ची. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, कंपनी ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली आणि माझगावात जीपची जुळणी सुरू झाली. पुढे सीजे-३बी आली. तिच्या इंजिनातले हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये गेल्याने इंजिन उंच झालं आणि त्याबरोबर बॉनेटही. तो उंच कपाळाचा चेहरा आपल्याकडे अनेक दशकं टिकला.

जीपचं इंजिन २१९९ सीसीचं, म्हणजे फियाटच्या दुप्पट. तरी वंशावळीत मी फियाटला वर ठेवीन. स्वभावात मात्र जीप सरस: ती ओझं ओढायला जन्मली आणि ओझंच ओढत राहिली. शर्यतीचं रक्त असलेल्या फियाटने लालबागच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जन्म काढला.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. जीपच्या कुळाचा तंटा मात्र थेट अमेरिकेत गेला. महिंद्रची रॉक्सर मूळ जीपसारखीच दिसते, अशी जीपच्या तिथल्या मालकांची तक्रार होती. २०२० मध्ये ती ग्राह्य धरली गेली आणि महिंद्रला रॉक्सरचं तोंड बदलावं लागलं.