हृदयविकाराची मोजपट्टी कुणाच्या मापाची?

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण साथीच्या रोगांचा इतिहास पाहिला. आज हृदयविकार. हा इतिहास बहुतेक वेळा शस्त्रक्रियांचा आणि औषधांचा म्हणून सांगितला जातो. आपण मात्र एकच प्रश्न धरून पुढे जाऊ: ‘तुम्हाला धोका आहे’ असं डॉक्टर सांगतात, तेव्हा ते कुणाला मोजून ठरलेलं असतं?

सुरुवात करू १२ एप्रिल १९४५ पासून. त्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब आधीच फार वाढलेला होता. पण त्या काळी अनेक डॉक्टर मानत की वय वाढलं की रक्तदाब वाढायचाच, त्यात काळजी करण्यासारखं काय? थोडक्यात, जगातल्या सर्वांत सत्ताधारी माणसालाही उपयोगी पडेल असं ज्ञान तेव्हा नव्हतं.

१९४८ साली अमेरिकेत हृदयविकाराच्या संशोधनासाठी कायदा झाला आणि त्याच वर्षी बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम या छोट्या शहरात एक अभ्यास सुरू झाला. ५,२०९ स्त्री-पुरुष निवडले आणि दर दोन वर्षांनी त्यांना तपासायचं ठरलं. यात नवीन काय होतं, ते बघा. तोवर वैद्यक आजारी माणसापासून मागे जात असे. इथे निरोगी माणसापासून पुढे जायचं होतं, कोण आजारी पडतो हे वाट पाहून बघायचं होतं. १९६१ मध्ये या गटाने वाढलेला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध मांडला. ‘जोखमीचे घटक’ हा आज घरोघरी ऐकू येणारा शब्दप्रयोग त्याच निबंधातून रूढ झाला.

पण फ्रॅमिंगहॅमचे हे लोक जवळजवळ सगळे गोरे होते. मोजपट्टी त्यांच्या अंगाची, वापर मात्र साऱ्या जगात! फट दिसली ती लंडनमध्ये. तिथे स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार जास्त होता आणि नेहमीच्या घटकांनी त्याचा पूर्ण हिशेब लागत नव्हता. १९९१ मध्ये मॅककीग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या लोकांत पोटावरची चरबी जास्त आहे आणि शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग पुढचा प्रश्न आला: हे असं का?

त्याच सुमारास इंग्लंडमध्येच डेव्हिड बार्कर वेगळ्या वाटेने चालले होते. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या तपासनीस बाईंच्या देखरेखीखाली प्रत्येक बाळाचं जन्माचं आणि वर्षभरानंतरचं वजन वहीत लिहिलं जाई. बार्कर यांनी त्या वह्यांतल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढला. १९८९ चा निष्कर्ष असा, की बाळपणी ज्यांचं वजन सर्वांत कमी, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सर्वांत जास्त. सुइणींच्या साध्या नोंदी, आणि सत्तर-ऐंशी वर्षांनी त्यातून हे निघालं.

आता पुण्याला येऊ. बार्कर यांच्या साउथॅम्प्टनच्या गटाबरोबर केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. गरोदरपणाच्या आधीपासून बायकांचं पोषण नोंदवलं, मग बाळांची मापं घेतली. ही बाळं सरासरी २.७ किलोची, साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण पाठीवरची, त्वचेखालची चरबी त्या मानाने घटलेली नव्हती. स्नायू कमी, चरबी राखलेली. दिसायला बारीक, आतून चरबीदार.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचेच आकडे छापले. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. एकच काटा, दोन वेगळी शरीरं. त्याच साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ पासूनच सावध व्हा असं सुचवलं. सर्वसाधारण मर्यादा २५ आहे.

म्हणजे फ्रॅमिंगहॅम चुकलं का? नाही. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात तंबाखू, रक्तदाब, मधुमेह वगैरे नऊ घटक सगळीकडेच लागू पडले. पण दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येत होता, इतरत्र ५९ च्या आसपास. घटक तेच, वेळ मात्र लवकरची.

या सगळ्यात पणाला काय लागलंय? पुण्याजवळच्या त्या गावांतली बाळं अठरा वर्षांची झाली, तेव्हा जवळपास निम्मी कमी वजनाचीच होती. तरीही मुलांपैकी ३७ आणि मुलींपैकी १८ टक्क्यांची साखर प्रमाणाबाहेर गेलेली होती. ‘खाऊन खाऊन आजार ओढवून घेतला’ असं या मुलांना कोण म्हणेल? आणि दुसरी चूकही करायला नको. आजाराचं मूळ गर्भात सापडलं म्हणून दोष आईच्या माथी मारायचा नाही. तिच्या ताटात काय पडलं, किती तास ती शेतात राबली, हे तिने एकटीने ठरवलेलं नव्हतं. म्हणूनच पुण्यात पुढचा प्रयोग याच पिढीतल्या किशोरवयीन मुलामुलींना, दोघांनाही, बी-१२ जीवनसत्त्व देऊन झाला, म्हणजे आई-बाप होण्याच्या कितीतरी आधी.

तेव्हा यापुढे धोक्याचा कुठलाही आकडा समोर आला, की आपण दोन गोष्टी विचारू या. हा कुणाला मोजून काढला? आणि मोजायला कोणत्या वयापासून सुरुवात केली? एवढं बोलून थांबतो. आता प्रश्नोत्तरांकडे वळू.