धवला, डीजे आणि चांगल्या गाण्याचं माप

1853 साली बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंतच धावली. पुढच्या वर्षी खाडीवर पूल झाला आणि रूळ कळव्याच्या अंगाने कल्याणला पोचले. मग कारखाने आले, चाळी आल्या, इमारती उठल्या. कळवा, खारीगाव, विटावा ही जुनी आगरी गावं त्या गर्दीत वेढली गेली. तरी हळदीच्या रात्री त्यांची ओळख लगेच पटते. मांडवात स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात आणि दरवर्षी तीच तक्रार ऐकू येते: ही कसली गाणी?

या तक्रारीमागचा प्रश्न खरा आहे. लोकांना आवडणारं गाणं चांगलं की वाईट, हे ठरवायला काही माप असतं का? की ज्याची त्याची आवड म्हणून विषय संपवायचा? आगरी लग्नाचा इतिहास पाहिला, तर माप होतं आणि ते बरंच कडक होतं.

ते माप धवलारणीचं. आगरी-कोळी लग्नात मांडव, तेलवण, हळद या प्रत्येक विधीला त्याचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, असतो आणि तो गाणारी धवलारीण गावातलीच जाणती बाई असते. पूर्वी अनेक लग्नांत भटजीची जागा तीच चालवी. वाद्य नाही, लिहिलेला कागद नाही. ती गाते, बाजूच्या बाया झेलतात. देवांना आवतण द्यायचं, विधी क्रमाने पुढे न्यायचा, नवरा-नवरीची, आई-बापाची, मामा-मामीची नावं गाण्यात बसवायची. तिच्या आवाजाची गोडी कुणी मोजत नसे. क्रम चुकला, देव राहून गेला, नाव विसरलं, तर गाणं फसलं. आणि हे मांडवातल्या साध्या बाईलाही कळे. जाणकारी शंभर घरांत वाटलेली होती. अशा ठिकाणी ‘आवड आपली आपली’ हे उत्तर चाललं नसतं.

धवल्याची परंपरा किती मागे जाते? तेराव्या शतकात ऋद्धपूरला महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या लीळेत महदंबेने धवळे गाइले. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं ते याच धवळ्यांमुळे. म्हणजे मराठी कवितेच्या उंबरठ्यावरच लग्नाचं गाणं उभं आहे. त्याच शतकात देवगिरीला यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. हिशेबाचं काम सांभाळून त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने गायकाचे पंचवीस दोष मोजले आहेत: दात आवळून गाणं, भीत भीत गाणं, कावळ्यासारखा आवाज, ताल सुटणं, गाल फुगवणं. संगीताचं मोजमाप करायला बसलेल्या या माणसाने प्रबंधांच्या, म्हणजे गीतप्रकारांच्या, यादीत धवल, मंगल आणि ओवी यांनाही जागा दिली. दोष शोधताना तो कठोर होता, पण बायकांचं गाणं म्हणून त्याने दार लावलं नाही.

सातशे वर्षांनी दार लावलं ते एका मराठी मंत्र्याने. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 साली नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत वाढावं ही त्यांची तळमळ खरी होती. त्यासाठी सिनेमाची गाणी मात्र जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला तीच गाणी परत आणावी लागली. केसकरांनी अख्खा प्रकारच वाईट ठरवला होता. पण प्रकार वाईट नसतो; त्यातलं एखादं गाणं वाईट असतं, आणि ते त्या प्रकारातल्या माणसांनाच आधी कळतं.

कोळीगीताचंच घ्या. शांता शेळके यांनी लिहिलेली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेली कोळीगीतं लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी गाइली, तेव्हा पांढरपेशा दिवाणखान्यांत ती कौतुकाने वाजली. त्यांची गुणवत्ता निर्विवाद आहे. पण त्याच किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या बायांना त्या कौतुकातला किती वाटा मिळाला? नावाजलेला गळा मिळाला की बोली गोड लागते आणि धवलारणीच्या तोंडी तीच बोली अडाणी ठरते, हा गाण्याचा निवाडा नव्हे. तो माणसांचा निवाडा आहे.

आता धवलारणीचंच माप लावून डीजेकडे पाहावं. ठेका सवंग आहे, यमकं ओढूनताणून आहेत, ही टीका वरवरची. आगरी बोलीतली आजची कित्येक नाचाची गाणी चांगली बांधलेली असतात, आणि पोरांना आपली बोली स्पीकरवरून ऐकण्यात अभिमान वाटतो तो योग्यच आहे. दोष दुसरीकडे आहे. त्या आवाजात धवलारीण ऐकू येत नाही. वाजणारं गाणं कळव्यातल्या कुठल्याही मांडवात तसंच्या तसं चालतं. त्यात या घरातल्या मामाचं नाव नाही, या गावचा देव नाही. लग्नाचं गाणं म्हणून ते उणं आहे आणि असं स्पष्ट म्हणायला काहीच हरकत नाही.

धवलारणी आता म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि त्यांचे धवले बहुतांशी त्यांच्या तोंडातच आहेत. घरात लग्न असेल त्यांनी हळदीच्या रात्री तासभर डीजे थांबवावा, धवलारणीला मानाने बसवावं, फोनवर सगळा धवला रेकॉर्ड करावा आणि तिच्याच बोलीत, एकही शब्द न सुधारता, लिहून घ्यावा.