नववर्षारंभीचा ईश्वराशी करार : मेथडिस्ट करार-उपासनेचा उगम

इंग्लंडमधील मेथडिस्ट चर्चमध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी 'करार-उपासना' करण्याची प्रथा आहे. उपासक या दिवशी येत्या वर्षासाठी आपले शरीर, बुद्धी, वेळ व मानमरातब ईश्वराच्या स्वाधीन करतात. त्याने काम द्यावे अथवा बाजूस बसवावे, दोन्ही आपणास मान्य आहे, असे ते एकमुखाने कबूल करतात. नववर्षाशी ही उपासना इतकी एकरूप झाली आहे की, ती वर्षप्रतिपदेच्या संकल्पासारखी मूळचीच कालबद्ध असावी, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. जॉन वेस्लीच्या अनुयायांनी ती प्रथम मोठ्या प्रमाणावर केली ती ११ ऑगस्ट १७५५ रोजी, सोमवारी सायंकाळी. ऐन उन्हाळ्यातली ही उपासना जानेवारीत कशी आली हा प्रश्न महत्त्वाचा आहे; परंतु त्याआधी, जो शब्द इंग्लंडच्या पार्लमेंटने शंभर वर्षांपूर्वी जाळविला होता, तोच शब्द वेस्लीने उपासनेच्या मध्यभागी कसा आणला, हे पाहणे अवश्य आहे.

वेस्लीच्या रोजनिशीतील नोंदी या बाबतीत पुरेशा स्पष्ट आहेत. ६ ऑगस्ट १७५५ रोजी त्याने लंडनमधील मंडळीपुढे धर्मनिष्ठा वाढविण्याचे आणखी एक साधन मांडले. संपूर्ण अंतःकरणाने देवाची सेवा करण्याचा करार सर्वांनी मिळून करणे, हे ते साधन होय; आणि आपल्या पूर्वजांनी ते वारंवार आचरिले होते, असे त्याने सांगितले. पुढील काही दिवस प्रातःकाळी त्याने या कराराचे विवरण केले. शुक्रवारी अनेकांनी उपवास केला. सोमवारी सायंकाळी सहा वाजता स्पिटलफील्ड्स येथील फ्रेंच चर्चमध्ये सभा भरली. वेस्लीने रिचर्ड अ‍ॅलीन याच्या शब्दांत कराराचा आशय वाचून दाखविला आणि संमती दर्शविण्यासाठी सुमारे १,८०० माणसे उठून उभी राहिली. स्पिटलफील्ड्स हा रेशीम विणणाऱ्यांचा भाग. फ्रान्समधून धर्मच्छलामुळे परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंटांची तेथे मोठी वस्ती होती आणि ही प्रार्थनामंदिरे त्यांनीच उभारलेली होती. आपल्या धर्ममतासाठी देश सोडून आलेल्यांच्या छताखाली हा करार व्हावा, हा योगायोगच असेल; पण तो विसंगत नव्हता.

'करार' हा शब्द सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंड-स्कॉटलंडच्या राजकारणातला अत्यंत स्फोटक शब्द होता. १६३८ मध्ये स्कॉटलंडात 'राष्ट्रीय करारा'वर सह्या झाल्या त्या पहिल्या चार्ल्सच्या धर्मविषयक धोरणास विरोध म्हणून. १६४३ मध्ये इंग्लिश पार्लमेंट व स्कॉट लोक यांच्यात जो पवित्र करार झाला, त्याने यादवी युद्धाचे पारडे फिरविले. म्हणून राजसत्ता पुनःस्थापित होताच तिचा रोख या शब्दावर वळला. १६६१ मध्ये १६४३ च्या कराराची प्रत पार्लमेंटच्या हुकुमाने फाशी देणाऱ्याच्या हातून जाळण्यात आली. १६६२ च्या धर्मैक्याच्या कायद्याने, तो करार कोणावरही बंधनकारक नाही, असे लिहून देण्याची सक्ती धर्मगुरूंवर केली. १६६० ते १६६२ या काळात सुमारे दोन हजार धर्मगुरूंना आपल्या जागांस मुकावे लागले.

त्यांपैकी एक रिचर्ड अ‍ॅलीन. सॉमरसेटमधील बॅटकूम या गावी तो धर्मगुरू होता. १६६३ च्या सुमारास त्याचा 'विंडिसी पायटॅटिस' हा ग्रंथ विनापरवाना प्रसिद्ध झाला. या ग्रंथाच्या नशिबी काय आले, याची हकीकत एडमंड कॅलमी याने दिली आहे व ती मोठी मासलेवाईक आहे. राजाचा मुद्रक रॉजर नॉर्टन याने बिनपरवाना म्हणून ग्रंथाच्या बऱ्याच प्रती जप्त करविल्या आणि त्या राजाच्या मुदपाकखान्यात रवाना झाल्या. परंतु पाने चाळताना, इतका धार्मिक आणि इतका खपाऊ ग्रंथ चुलीत जावा हे त्याला बरे वाटेना. त्याने तीच पाने मातीमोलाने परत घेतली, बांधून काढली व स्वतःच्या दुकानात विकावयास ठेविली! पुढे बोभाटा होऊन त्याला मंत्रिमंडळापुढे गुडघे टेकून क्षमा मागावी लागली, आणि उरलेल्या प्रती शाईचा कुंचला फिरवून पुन्हा मुदपाकखान्यात गेल्या. हकीकतीतील रंग थोडा कमी केला तरी एक गोष्ट शिल्लक राहते. अ‍ॅलीनचे लेखन सत्तेस अप्रिय होते आणि वाचकांस प्रिय होते.

या ग्रंथातील कराराचा नमुना अ‍ॅलीनचा जावई जोसेफ अ‍ॅलीन याने लिहिला असावा, असे एक मत आहे. तो कोणाचाही असो, त्याचे स्वरूप लक्षणीय आहे. येथे राष्ट्र नाही, पार्लमेंट नाही, राजाही नाही. एकटा माणूस आहे. त्याने एकांत शोधावा, प्रार्थना व आत्मपरीक्षण करावे, करार केवळ मनाने न करता वाचेने करावा, केवळ वाचेने न करता लिहून काढावा, तो लेख देवापुढे उलगडून ठेवावा, त्यावर सही करावी आणि शंका व मोह यांच्या प्रसंगी स्मरणासाठी तो जपून ठेवावा, अशी सूचना आहे. कराराच्या भाषेत विवाहविधीतील वचनांचे शब्द आहेत, तसेच दस्तऐवजाचेही आहेत. मराठी बायबलात 'जुना करार', 'नवा करार' या नावांनी रूढ झालेला 'करार' हा फारसी-अरबी वळणाचा व्यवहारी शब्द काहींना धर्मविचारास रुक्ष वाटतो. अ‍ॅलीनच्या या सही-दस्तुराच्या करारास मात्र तो तंतोतंत लागू पडतो. 'आत्मनिवेदन' हा शब्द येथे मोह घालतो, पण तो वापरणे धोक्याचे आहे. नवविधा भक्तीतील आत्मनिवेदन, 'दासबोधा'च्या चौथ्या दशकात जसे विवेचिले आहे त्याप्रमाणे, 'मी' कोण याच्या विवेकातून साधते. अ‍ॅलीनच्या करारात 'मी' शेवटपर्यंत शाबूत राहतो, नाहीतर सही करणार कोण?

तेव्हा १६३८ व १६४३ चा सार्वजनिक करार १६६२ नंतर खोलीत शिरला, असे म्हणता येते. ज्यांना राष्ट्राला देवाशी बांधता आले नाही, त्यांनी निदान स्वतःला बांधून घेतले. ही प्रथा पुढे राजमान्य चर्चबाहेरील पंथांत टिकून राहिली. फिलिप डॉडरिज याने १७४५ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात आत्मसमर्पणाचा असाच एक नमुना दिला आहे.

वेस्लीने जे केले ते याच्या उलट दिशेचे आहे. त्याने करार खोलीतून पुन्हा सभेत आणला. १७५० च्या सुमारास तो आपल्या 'ख्रिस्ती ग्रंथमाले'साठी जुन्या धर्मग्रंथांचे संक्षेप करीत होता व अ‍ॅलीनचा ग्रंथ त्या मालेत समाविष्ट झाला. 'पूर्वज' हा त्याचा शब्दही केवळ आलंकारिक मानण्याचे कारण नाही. त्याचे दोन्ही आजोबा, जॉन वेस्टली व सॅम्युएल अ‍ॅन्सली, १६६२ मध्ये पदच्युत झाले होते. आईवडील मात्र तरुणपणीच राजमान्य चर्चकडे वळले, आणि वेस्ली स्वतः आमरण त्याच चर्चचा दीक्षित धर्मगुरू राहिला. आपली मंडळी वेगळा पंथ नाही, असे तो आग्रहाने सांगत असताना त्याने बहिष्कृतांच्या परंपरेतील नेमका हाच विधी उचलावा, ही गोष्ट त्याच्या टीकाकारांच्या नजरेतून सुटण्यासारखी नव्हती. १७५५ हेच वर्ष मेथडिस्टांनी चर्चपासून विभक्त व्हावे की काय, या लीड्स येथील परिषदेतील वादाचेही आहे. विभक्त होऊ नये, असे तेथे ठरले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत करार झाला. चर्च न सोडताही मंडळीस आपले असे एक बंधन लाभावे, हा हेतू या क्रमामागे दिसतो. वेस्लीने तो कोठे उघड बोलून दाखविला नसला तरी हा तर्क अवास्तव नाही.

आता जानेवारीचा प्रश्न. वर्षाचा अखेर आणि समर्पण यांची सांगड वेस्लीच्या मनात १७५५ पूर्वीही होती. १७४७ च्या नाताळात त्याने कराराच्या नूतनीकरणावर भर दिल्याची नोंद आहे. दुसरा धागा जागरणाच्या उपासनेचा. ब्रिस्टलजवळील किंग्जवुडचे कोळसेखाणीतील मजूर पूर्वी शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात घालवीत. धर्मांतरानंतर तीच रात्र ते प्रार्थनेत घालवू लागले. वेस्लीने त्यावरून महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या जवळपासच्या शुक्रवारी, जागरणाचा परिपाठ घातला. पौर्णिमा एवढ्याचसाठी, की मध्यरात्री परतताना वाटेवर चांदणे असावे. पुढे हे जागरण वर्षाच्या अखेरच्या रात्रीस चिकटले. १ जानेवारी १७६२ रोजी सायंकाळी स्पिटलफील्ड्स येथे मंडळीतील सुमारे दोन हजार लोकांनी गांभीर्याने आत्मसमर्पण केल्याचे वेस्ली लिहितो. लंडनमध्ये हळूहळू तोच काळ रूढ झाला. इतरत्र मात्र वेस्ली जेव्हा येईल तेव्हा करार होत असे.

१७५२ मध्ये इंग्लंडात कायदेशीर वर्षारंभ २५ मार्चवरून १ जानेवारीस आला, यास याचे श्रेय देण्याचा मोह आवरला पाहिजे. कायदा काहीही म्हणो, लोकव्यवहारात १ जानेवारीस 'नववर्षदिन' हे नाव आधीपासूनच होते. अधिक विचारार्ह गोष्ट अशी की, इंग्लंडच्या प्रार्थनाग्रंथात १ जानेवारी हा ख्रिस्ताच्या सुंतेचा सण आहे, आणि उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायाप्रमाणे सुंता हीच अब्राहामाशी झालेल्या कराराची खूण. प्रार्थनाग्रंथात मुरलेल्या वेस्लीला हा संबंध अपरिचित असणे शक्य नाही.

वार्षिक झाल्याने कराराचा अर्थ बदलला. अ‍ॅलीनचा करार एकदाच करावयाचा व आयुष्यभर पेटीत जपावयाचा होता. दरवर्षी नवा होणारा करार हा मोडलेला करार असतो, निदान झिजलेला. वेस्लीस ही झीज अमान्य नव्हती, उलट तीच त्याने गृहीत धरली. सही गेली आणि तिच्या जागी उभे राहणे आले. लिहिता न येणाऱ्या विणकरास वा खाणमजुरास यामुळे अ‍ॅलीनच्या वाचकाच्या बरोबरीचे स्थान मिळाले, हा लाभ लहान नव्हे. तोटाही झालाच. ज्या एकांतातील आत्मपरीक्षणातून करार निपजावा अशी अ‍ॅलीनची अपेक्षा होती, त्यासाठी भर सभेत फारसा अवकाश नव्हता. १७८० मध्ये वेस्लीने अ‍ॅलीनचे मार्गदर्शन स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने छापले ते ही उणीव भरून काढण्यासाठीच असावे. त्यात एकांताच्या सूचना जशाच्या तशा आहेत.

पुढील बदल थोडक्यात सांगता येतील. मेथडिस्ट शाखांचे १९३२ मध्ये एकीकरण झाल्यावर १९३६ च्या उपासनाग्रंथात जॉर्ज रॉब्सन याने केलेली सुधारित संहिता आली. तीत दीर्घ उपदेशास कात्री लागली, उपासकांचा सहभाग वाढला व करारास प्रभुभोजनाची जोड मिळाली. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारतातील संयुक्त चर्चने आपल्या १९६३ च्या उपासनाग्रंथात करार-उपासनेस स्थान दिले, आणि मेथडिस्ट नसलेले ख्रिस्तीही ती करू लागले. इंग्लंडमध्ये मात्र काही मंडळ्या अलीकडे ही उपासना सप्टेंबरात करतात, कारण मेथडिस्ट चर्चचे कामकाजाचे वर्ष त्या महिन्यात सुरू होते.